हार्डी किवीची वेल: सहा वर्षं झाली, फळ एकही नाही. ठेवू की काढू?

वेलांटी, ९ फेब्रुवारी

मंडळी, बागकामाचे धागे मी इथे नेहमी वाचते, पण स्वतः धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. २०१८ च्या सप्टेंबरात इथल्या शेतकरी बाजारात एका बाईंकडे द्राक्षाएवढी हिरवी फळं मिळाली. अंगावर लव नाही, सोलायची भानगड नाही, अख्खं फळ तोंडात टाकायचं. मधोमध कापलं की नेहमीच्या किवीसारखंच काळ्या बियांचं चक्र. गोडी मात्र तिच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि मागे अननसासारखा वास. त्या म्हणाल्या, ही हार्डी किवी, बर्फात टिकते, मांडव असेल तर घरी लाव.

पुढच्या वसंतात मी दोन रोपं आणली. एकाच्या चिठ्ठीवर 'अनानासनाया' म्हणजे मादी आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर 'मीडर' म्हणजे नर. डेकवर नवऱ्याने सीडर लाकडाचा मांडव घातला. वेली इतक्या वाढल्या की उन्हाळ्यात त्याखाली भर दुपारी गार वाटतं. पण फळ? सहा उन्हाळे गेले, एक नाही. मीडरवर एकदा चारपाच फुलं आली होती, दुसरीवर कधीच नाही.

ऊन सहासात तास आहे. पाणी साचत नाही. शेणखत घालते. छाटणी दर फेब्रुवारीत सासरे व्हिडिओ कॉलवर करून घेतात. त्यांची नाशिककडे द्राक्षबाग होती, त्यामुळे हात सराईत आहे. ओलांड्यापासून (म्हणजे वेलीच्या आडव्या, कायमच्या फांदीपासून) दोन डोळे ठेव, बाकी काप, असं सांगतात आणि मी तसंच करते.

नवरा म्हणतो काढून टाक, त्या जागी द्राक्ष लावू. या आठवड्यात छाटणी आहे. त्याआधी तुमच्यापैकी कोणी घरी ही वेल फळाला आणली असेल तर कृपया सांगा.

खारुताई, ९ फेब्रुवारी

काढू नका!! आम्ही पेनसिल्व्हेनियात आहोत, आमच्याकडे पाचव्या वर्षी फळ आलं. ही वेल सावकाश वयात येते, चारपाच वर्षं सहज घेते.

पण दुसऱ्या वेलीवर एकदाही फूल नाही, हे मात्र खटकतंय. चिठ्ठीवर विसंबू नका, फूल बघा. मादी फुलाच्या मधोमध हिरवा गोल अंडाशय असतो आणि त्यावर पांढऱ्या तंतूंची छत्री उघडल्यासारखी दिसते. नर फुलात मध्ये काहीच नसतं, नुसता काळपट परागकोशांचा झुपका. मादी फुलातही काळे परागकोश असतात पण त्यांच्या परागाचा उपयोग नसतो, म्हणून त्यांच्याकडे बघून ठरवू नका. छत्री आहे की नाही तेवढं बघा.

ईझारकाठ, १० फेब्रुवारी

म्युनिकजवळून लिहितोय. आमच्याकडे 'वाइकी' नावाची जात आहे, इथल्याच वाइहेनस्टेफानच्या बागायती संस्थेतून आलेली. बाजारात तिला बायर्न-किवी म्हणतात. चौथ्या वर्षी फळ दिलं.

तुम्हाला एक विचारतो: वसंतात कोवळी फूट जळते का? 'हार्डी' हे नाव निम्मंच खरं आहे. झोपलेली वेल उणे ३० अंश सोसते, पण एकदा डोळे फुटले की उणे २ अंशांतही कोवळी फूट काळी पडते. आणि फुलं त्या फुटीवरच असतात. २०१७ च्या एप्रिलात इथे उशिरा जी कडक थंडी पडून दव गोठलं त्यात माझी पूर्ण फूट एका रात्रीत उकडलेल्या पालकासारखी झाली. वेल जगली, दुसऱ्यांदा फुटली, पण त्या वर्षी फळ नाही. इथले जुने लोक ११ ते १५ मे हे 'बर्फाळ संतांचे' दिवस मानतात आणि ते सरेपर्यंत बागेवर भरवसा ठेवत नाहीत. मी त्या काळात संध्याकाळी हवामान बघतो आणि लागलं तर जुन्या चादरी टाकतो.

वेलांटी, १० फेब्रुवारी

@ईझारकाठ, एकदा जळली होती, २०२० च्या मे महिन्यात. बाकी वर्षं फूट छान आली.

@खारुताई, छत्रीची खूण लक्षात ठेवते. पण बघायला फूल तर यायला हवं!

साताऱ्याचा_कंदी, १० फेब्रुवारी

मध्येच विचारतो. महाबळेश्वरला येईल का ही? आमची पाचगणीजवळ थोडी जागा आहे. वेण्णा तलावाच्या कडेला जानेवारीत दव गोठतं, पेपरात दरवर्षी फोटो येतात. स्ट्रॉबेरी येते तर किवी का नाही?

देवदारची_सावली, ११ फेब्रुवारी

@साताऱ्याचा_कंदी, मी लग्नानंतर बारा वर्षं शिमल्यात काढली, म्हणून उत्तर देते. ही इच्छा आपल्या लोकांना फार आधीपासून आहे. भारतात किवी पहिल्यांदा लावली ती बंगळुरूच्या लालबागेत, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. वेल वाढली, फळ धरलं नाही. मग १९६३ मध्ये शिमल्याच्या फागलीत आताच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या केंद्रावर सात जाती लावल्या आणि तिथे फळं आली. फरक थंडीच्या तासांचा. लव असलेल्या किवीच्या 'हेवर्ड' वगैरे जातींना हिवाळ्यात ७ अंशांच्या खाली एकूण ७०० ते ८०० तास लागतात. वेण्णा तलावावर दव गोठतं ते मोजक्या पहाटे, आणि दुपारी आपण स्वेटर काढून फिरतो. वेलीला झोप पुरी होत नाही. स्ट्रॉबेरीचं गणित वेगळं, तिची रोपं दरवर्षी नवी लावतात.

हिमाचलमध्ये कुल्लू, सोलन, सिरमौरकडे आता किवीच्या चांगल्या बागा आहेत. अरुणाचलात झिरो खोऱ्यातली किवी प्रसिद्ध आहे, तिची वाइनसुद्धा करतात. किवीच्या कुळातल्या रानवेली तर ईशान्येच्या जंगलात मुळातच आहेत.

साताऱ्याचा_कंदी, ११ फेब्रुवारी

समजलं. मग आम्ही आपले तुतीवरच खूश :) धन्यवाद ताई.

निफाडचा_मांडव, ११ फेब्रुवारी

नमस्कार ताई. आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. किवीचा वेल मी अजून डोळ्यानं पाहिलेला नाही, तरी तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

तुमचे सासरे जे करून घेतात ती खरड छाटणी आहे. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आपल्याकडे द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलला खरड छाटणी: ओलांड्यावर एकदोन डोळे ठेवून सगळं खरडून काढायचं. त्यातून माल येत नाही, त्यातून काडी तयार होते. उन्हाळाभर त्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, बाहेरून दिसत नाही. मग ऑक्टोबरला गोडी छाटणी: तयार झालेल्या मालकाडीवर सहाआठ डोळे ठेवून शेंडा कापायचा. त्या डोळ्यांतून घड बाहेर येतो. खरडीशिवाय काडी नाही, गोडीशिवाय माल नाही.

आता तुमच्याकडे वर्षात एकच छाटणी, आणि ती दरवर्षी खरड! वेल उन्हाळाभर राबून काडी तयार करतो, डोळ्यात फूल भरतो, आणि फेब्रुवारीत तुम्ही तीच काडी कापून टाकता. जून लाकडातून परत वांझ फूट. सहा वर्षं त्यानं तुम्हाला काडी दिली, ताई. त्याचा दोष नाही.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही. त्यांच्या हाताला दोन छाटण्यांची सवय, तुमच्याकडे वर्षाला एकच हंगाम.

गोडघाशा, ११ फेब्रुवारी

+१०० निफाडकर. वाचनखूण साठवली.

विलामेट, १२ फेब्रुवारी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण अर्धंच. मी ओरेगॉनमध्ये आहे, इथे किवीबेरीच्या (हार्डी किवीचं बाजारातलं नाव) व्यापारी बागा आहेत आणि मी स्वतः चार माद्या आणि एक नर लावलाय. निफाडकर दादांचं वाचून वेलांटीताई यंदा कात्रीच लावणार नाहीत अशी भीती वाटली, म्हणून लिहितोय.

कापायचं भरपूर असतं. मागच्या वर्षी वाढलेल्या लाकडापैकी साधारण ७० टक्के काढायचं, असं इथल्या राज्य विद्यापीठाचा कृषी विस्तार विभाग सांगतो. प्रश्न उरलेल्या ३० टक्क्यांचा. मागच्या उन्हाळ्यात उन्हात वाढलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, डोळे जवळजवळ असलेल्या काड्या निवडायच्या आणि ओलांड्यावर वीतभर अंतराने त्या लांब ठेवायच्या. सावलीत वाढलेल्या, चाबकासारख्या लांबलचक, एकमेकींना पिळे घातलेल्या काड्या मुळापासून काढायच्या. ज्यांनी एकदा फळ दिलं त्या पुढच्या हिवाळ्यात काढायच्या, त्यांच्या बुडाशी नवी काडी आलेली असते.

हे नुसतं मादीचं. नराची मोठी छाटणी हिवाळ्यात करूच नका, नाहीतर फुलं जातील. तो जूनमध्ये फुलून गेला की तेव्हा त्याला आवरा.

आणि उशीर करू नका. मुळं जागी झाल्यावर कापलं तर वेल दिवसेंदिवस रडते, कापलेल्या टोकातून नळ गळावा तसं पाणी गळतं. मरत नाही, पण बघवत नाही.

मांडवाबद्दलही बोलायचं आहे. डेकवरचा मांडव दिसतो सुंदर, पण वर चढून छाटणी करायला कोण जातं? मी सहा फूट उंचीचे टी आकाराचे खांब आणि त्यावर तारा घेतल्या. पूर्ण वाढलेल्या वेलीवर २५ ते ४५ किलो माल येऊ शकतो, तेव्हा जे कराल ते मजबूत करा.

निफाडचा_मांडव, १२ फेब्रुवारी

विलामेट दादा, तुमचं बरोबर. मी 'काडी राखा' म्हटलं, 'कापू नका' नाही, पण तसा अर्थ निघत होता. वेल रडण्याचं आपल्याकडेही तसंच. मांडवाला मात्र नावं ठेवू नका, आमची अर्धी बाग अजून मांडवावरच आहे :)

रानपाखरू, १३ फेब्रुवारी

मला थोडं विरुद्ध बोलायचं आहे. रागावू नका.

मी मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या डोंगरात राहते. इथे लेनॉक्सच्या केनेडी पार्कमध्ये हीच वेल जंगलात घुसलेली आहे. जुन्या श्रीमंत हवेल्यांच्या बागांमध्ये शोभेसाठी लावली होती, तिथून सुटली. मी स्वतः पाहिलंय, उंच झाडांवर जाळं टाकल्यासारखी चढते आणि खालची झाडं उन्हावाचून मरतात. आमच्या ओळखीतले लोक सुट्टीच्या दिवशी जाऊन ती तोडतात. १८७० च्या दशकात ही वेल जपानमधून याच राज्यात आली आणि कित्येक दशकं कोणाला त्रास झाला नाही, म्हणून लोक निर्धास्त आहेत.

लावू नका असं म्हणत नाही. पण घराला लागून जंगल असेल तर पडलेली फळं पक्षी आणि रॅकून नेतात हे लक्षात ठेवा, आणि लावण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा.

खारुताई, १३ फेब्रुवारी

@रानपाखरू, राग कसला, हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं. पण शेजारच्याच न्यू हॅम्पशायरच्या विद्यापीठात २०१३ पासून किवीबेरीच्या सुधारित जातींवर काम चाललंय, ईशान्येतल्या लहान शेतकऱ्यांना नवं फळ मिळावं म्हणून. छाटलेली, मांडवावर बांधलेली वेल आणि शंभर वर्षं बेवारस सोडलेली वेल यांत फरक करायला हवा, असं मला वाटतं.

रानपाखरू, १३ फेब्रुवारी

फरक आहे, मान्य. पण आज छाटणारा माणूस उद्या घर विकून जातो. नवा मालक छाटेल का, ही माझी काळजी आहे.

वेलांटी, १४ फेब्रुवारी

रानपाखरू, आमच्यामागे जंगल नाही, रस्ता आहे. तरी पडलेली फळं उचलायची हे मनात धरलंय, फळं आली तर.

काल सासऱ्यांना निफाडकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरंय गं. मी ऑक्टोबर विसरलो." आणि लगेच, "कॅमेरा काडीजवळ धर." दीड तास आम्ही एकेक काडी निवडली. चौदा राखल्या. मीडरला हात लावला नाही.

मनीमाऊ, २ मार्च

धागा वर काढतेय, एक सावधगिरी राहिली. घरी किंवा शेजारी मांजर असेल तर लहान रोपाला जाळी लावा. माझी दोन रोपं आळीतल्या बोक्यांनी लोळून, चावून, मुळं उकरून संपवली. किवीचीच एक जपानी बहीण आहे, मातातबी, ती तर तिथे मांजरांना मुद्दाम खेळायला देतात. हार्डी किवीतही तोच गुण थोडा आहे. खोड जाड झाल्यावर त्रास होत नाही.

गोडघाशा, २ मार्च

बोक्यांना आपल्या आधी कळली वेलीची किंमत :D

खाण्याबद्दल कोणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहिते. किवीचं श्रीखंड करू नका! मी पाहुण्यांसाठी आदल्या रात्री केलं, सकाळी कडू. किवीत ऍक्टिनिडिन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं. ऐन वाढताना फोडी वरून घातल्या तर चालतं. किंवा फळं आधी साखरेत शिजवून गार करून घ्या, उष्णतेने विकर निकामी होतं. जॅम आणि मुरंबा उत्तम होतो.

आईची_डायरी, ३ मार्च

आणि लहान मुलांना पहिल्यांदा एकच फळ द्या. माझ्या मुलीची जीभ आणि ओठ खाजले, डॉक्टरांनी किवीची ऍलर्जी सांगितली. या फळाची साल काढत नाहीत, म्हणून मुलं मूठभर खाऊन टाकतात.

वेलांटी, ६ जून

मंडळी, फुलं आली!!!

दोन्ही वेलींवर. ज्या काड्या राखल्या त्यांच्यातून फूट आली आणि त्या फुटीवर पांढरी, लवंगी मोगऱ्याएवढी, मंद वासाची फुलं. सकाळी मधमाश्यांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो. सासऱ्यांना दाखवताना मला रडू आलं. फोटो टाकलेत. पहिले तीन अनानासनायाचे, पुढचे दोन मीडरचे.

खारुताई, ६ जून

वेलांटी, अभिनंदन. पण फोटो मी चार वेळा मोठे करून पाहिले. लिहायला जिवावर येतंय.

तुमच्या अनानासनायाच्या फुलात छत्री नाही. मधला हिरवा गोलही नाही. दोन्ही वेली नर आहेत.

विलामेट, ६ जून

मीही पाहिले. खारुताई बरोबर आहेत. नर्सरीत चिठ्ठी बदलली असणार. रोपं लहान असताना पानावरून ओळखता येत नाही, फुलेपर्यंत कोणालाच कळत नाही. फार वाईट वाटलं.

वेलांटी, ७ जून

काल रात्री काही लिहू शकले नाही. आज दहा फुलं उघडून पाहिली. एकातही छत्री नाही.

म्हणजे खरड छाटणी केली नसती तर तिसऱ्याचौथ्या वर्षीच फुलं दिसली असती आणि तेव्हाच कळलं असतं. छाटणीने चिठ्ठीतली चूक इतकी वर्षं झाकून ठेवली. आता नवी मादी आणून आणखी पाच वर्षं?

निफाडचा_मांडव, ७ जून

ताई, पाच वर्षं कशाला? कलम करा.

आमच्या साऱ्या बागा अशाच उभ्या आहेत. आधी डॉगरिज या रानटी द्राक्षाचा खुंट लावतो, तो जोमानं वाढतो, मग त्यावर हव्या त्या जातीची पाचर कलम भरतो, म्हणजे काडीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवतो. तुमच्याकडे तर सहा वर्षांचा खुंट तयार आहे, मुळं खोल गेलेली. त्यावर मादीची काडी बसवा. द्राक्ष जमतं तर किवी का जमू नये? तिकडच्या जाणकारांनी सांगावं.

विलामेट, ७ जून

जमतं. किवीच्या बागांमध्ये नराची मादी अशीच करतात. फक्त वेळ सांभाळा: काडी हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना कापून ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, आणि खुंट रडायला लागण्याआधी, फेब्रुवारीअखेरीस कलम करायचं. पाणी गळत असेल तर कलम तरंगतं आणि धरत नाही. धरलं तर दोनतीन वर्षांत फूल दिसेल.

खारुताई, ८ जून

काडी माझ्याकडून घ्या. माझी अनानासनाया फळ देऊन झालेली आहे, त्यामुळे ती मादी आहे याबद्दल शंका नाही. आम्ही दोन तासांवर आहोत, जानेवारीत कापून ठेवते. आणि सप्टेंबरात या, फळं खायला. आम्ही मऊ व्हायची वाट बघत नाही, नाहीतर खारी नेतात. एक कापून बी काळं दिसलं की गोडीमापकावर ८ ब्रिक्सच्या आसपास असताना कडकच तोडतो आणि घरात पिकवतो.

निफाडचा_मांडव, ८ जून

८ ब्रिक्सला तोडता? आमचा व्यापारी बागेत पाऊलसुद्धा टाकणार नाही! द्राक्ष १८ च्या वर जावं लागतं, तोडल्यावर ते पिकत नाही.

खारुताई, ८ जून

किवीत तोडल्यावर पिष्टाची साखर होते, दादा. तीच फळं घरात पिकून तुमच्या द्राक्षाच्या वर जातात. न पिकवलेली फ्रिजमध्ये महिना-दोन महिने टिकतात.

वेलांटी, १० जून

खारुताई, काय बोलू. सप्टेंबरात नक्की येते, काडीसाठी जानेवारीत परत.

सासऱ्यांना कलमाचं सांगितलं. म्हणाले, कॉलवर नाही जमायचं, मी येतो. सात वर्षं झाली, विमान नको म्हणून टाळत होते. फेब्रुवारीचं तिकीट काढलंय. कलमाची सुरी चेक-इन बॅगेत चालते का, हे आजच मला दोनदा विचारून झालं.

निफाडचा_मांडव, १० जून

बॅगेत टाकू द्या, ताई, हाताच्या सुरीशिवाय पाचर बसत नाही. बांधायची प्लॅस्टिक पट्टी इथलीच घेऊन येऊ द्या, ती ताणून बसते. आणि एक सांगा त्यांना: दोन्ही वेलांवर कलम भरू नका. मीडर तसाच राहू द्या. तो एकटा सहाआठ माद्यांना पुरेल, तुम्हाला तर एकच हवी आहे.